राजापूर नावाचा एक मतदारसंघ होता

कोकणात राजकारणाच्या गप्पा रंगल्या की तासाभरात कुणीतरी सुस्कारा टाकतंच: ‘नाथ पै गेले, दंडवते गेले, आता राहिलंय काय!’ बाकीचे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय महामार्गाच्या खड्ड्यांकडे वळतो. हा सुस्कारा मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यात एक मोठी गोष्ट गाळली जाते, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला. माणसं जातातच. पण ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघातून हे दोघे समाजवादी निवडून येत होते तो मतदारसंघही २००८ साली, हद्दी नव्याने आखल्या तेव्हा, गेला. तो पुसला गेला तेव्हा कोकणात मोर्चा निघाला नाही, की बंद पाळला गेला नाही. गावातली एसटीची एक फेरी बंद झाली तरी आपण याहून जास्त आरडाओरडा करतो.

आधी हिशेब मांडू. १९५७ ते २००४ या काळात राजापूरने तेरा सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या आणि दिल्लीला धाडले फक्त चार खासदार. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्रा. मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. या तेरापैकी काँग्रेसच्या वाट्याला आली ती एकच निवडणूक, १९९१ची. उभ्या महाराष्ट्रात काँग्रेसचं राज्य असताना एका मतदारसंघाने तिला अर्ध्या शतकात एकदाच दार उघडावं, हे फार ठिकाणी झालेलं नाही.

नुसत्या आकड्यांपेक्षा ते कोणत्या वर्षांतले आहेत हे पाहिलं तर गंमत कळते. १९६२ साली संयुक्त महाराष्ट्राचं वादळ शमलं होतं, यशवंतराव चव्हाणांचा जम बसला होता आणि राज्यातल्या ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने घेतल्या. राहिलेल्या तिनांत नाथ पैंचं राजापूर होतं. १९७१ साली ‘गरिबी हटाओ’च्या लाटेत काँग्रेसने ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. त्याच जानेवारीत, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, १८ तारखेला नाथ पै बेळगावात अचानक वारले. वय अवघं ४८. प्रजा समाजवादी पक्षाने त्यांच्या जागी दंडवत्यांना उभं केलं. ते जन्माने अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. राजापूरने त्यांना निवडून दिलं. देशभरात त्या पक्षाला दोनच जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. मग १९८४. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीत भलेभले वाहून गेले, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसचे आले, आणि राजापूरचे दंडवते पुन्हा लोकसभेत. तीन भरत्या आल्या आणि ओसरल्या, हा खडक काही बुडाला नाही.

याचं ठरलेलं स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी ऐकलंय: दक्षिण कोकणचा मतदार सुजाण, नाटक-वाचनालयांत वाढलेला, जातपात न बघता विद्वत्तेला मत देणारा. ऐकायला गोड आहे, आणि कोकणी माणसाला स्वतःबद्दल गोड ऐकायला आवडतं (यात मीही आलो). पण शेजारी बघा. राजापूरला लागून रत्नागिरी मतदारसंघ होता. तोच भात, तेच गणपती, तेच दशावतार-नमन, तीच मुंबईची वाट. १९५७ साली त्याने जनसंघाचे प्रेमजी आशर निवडून दिले, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वाऱ्यात. पण पुढच्या तिन्ही लाटांत तो काँग्रेसबरोबर गेला: १९६२ला शारदा मुखर्जी, १९७१ला शांताराम पेजे, १९८४ला हुसेन दलवाई. यातल्या पेजे यांचं कुळांसाठीचं आणि कुणबी समाजासाठीचं काम मोठं, त्यांना निवडणारा मतदार कमी सुजाण होता असं कोण म्हणेल? सुसंस्कृतपणावरच सगळं चालत असतं तर दोन्ही मतदारसंघ सारखेच चालले असते.

मग राजापुरात वेगळं काय होतं? माझ्या मते एक तर गोव्याची वेस. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले हा मुलूख १९५५च्या गोवा सत्याग्रहाचा दरवाजा होता. तुकड्या इथूनच पलीकडे जात, इथल्याच घरांत जेवत आणि मार खाऊन इथेच परत येत. नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे, दंडवते त्या सत्याग्रहात उतरलेले. समाजवादी कार्यकर्ता इथे भाषणातून आला नाही, पडवीतून आला. दुसरी गोष्ट माणसांची, म्हणजे नाथ पैंच्या वाणीची आणि दंडवत्यांच्या चिकाटीची. या गोष्टी मोजता येत नाहीत, पण नाकारताही येत नाहीत.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, कारण ती फार रुक्ष आहे. ती म्हणजे रेघ, मतदारसंघाची हद्द ठरवणारी. शेवटच्या रचनेत हा मतदारसंघ लांजा-राजापुरापासून पार दोडामार्गापर्यंत होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तरी नाव राजापूरच राहिलं. दक्षिणेकडचा हा समाजवादी कल पुरेसा दाट होता, आणि रेघ अशी पडली होती की तो एका मतदारसंघात एकत्र राहिला. हीच रेघ पन्नास किलोमीटर वर सरकवा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा बराच भाग मिळून एकच मतदारसंघ करा, आणि १९६२ किंवा १९८४ची निवडणूक मनातल्या मनात घ्या. नाथ पै आणि दंडवते लोकसभेत पोचले असते याची हमी मी तरी देणार नाही. सावंतवाडीचं मत चिपळूणच्या मतात मिसळलं असतं आणि जास्तीची बाजू जिंकली असती. त्यात अन्याय झाला असं म्हणता आलं नसतं, फक्त एक आवाज ऐकूच आला नसता.

त्या एका आवाजाचं वजन किती, हे तपासायला नाथ पैंचं एक काम पुरेसं आहे. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७मध्ये सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं: घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचाच. त्यावर देशभर रण माजलं. विधेयक मंजूर झालं नाही, पण नाथ पै गेल्यावर त्याच वर्षी २४वी घटनादुरुस्ती आली ती त्याच अर्थाची. आता हे विधेयक चांगलं होतं का? मला व्यक्तिशः शंका आहे. संसदेच्या हाती इतका अधिकार दिला की काय होतं ते चारच वर्षांत आणीबाणीने दाखवलं, आणि त्यात तुरुंगात गेलेल्यांत नाथ पैंचेच वारसदार दंडवते होते. जून १९७५मध्ये ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात होते. वाजपेयी, अडवाणींसोबत तिथेच पकडले गेले. पण विधेयक बरोबर की चूक हा मुद्दा बाजूला ठेवा. लांज्या-मालवणच्या मतांवर निवडून आलेला माणूस देशाच्या घटनेवर वाद पेटवू शकत होता, हे महत्त्वाचं.

आणीबाणीतली आणखी एक गोष्ट पुढच्या मांडणीला लागणार आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागांचं वाटप आणि राज्यांच्या आतल्या मतदारसंघांच्या रेघाही १९७१च्या जनगणनेवर गोठवून ठेवल्या. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना जागा गमावून शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार. २००१च्या ८४व्या दुरुस्तीने जागावाटपाची ती मुदत आणखी वाढवली: २०२६नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत. राज्यांमधली वाटणी गोठलेलीच राहिली, राज्याच्या आतल्या रेघा मात्र मोकळ्या झाल्या. राजापूर गेलं ते या मोकळ्या जागेतून.

त्याआधी मुंबईबद्दल बोलायलाच हवं, कारण राजापूर मतदारसंघ खरं तर दोन ठिकाणी राहत होता. मतपेट्या कोकणात, मतं बनत गिरणगावात. घरातला कर्ता पुरुष लालबाग-परळला गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून झोपत होता. गावाकडे शेत, गुरं आणि म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. रत्नागिरी जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. हे काही स्त्रीजन्माच्या स्वागताचं लक्षण नव्हे, पुरुष बोरीबंदरच्या बाजूला गेल्याचं लक्षण आहे. मनीऑर्डरीबरोबर पत्र यायचं, पत्रात भाताची चौकशी, सोयरिकीची बोलणी आणि निवडणुकीच्या दिवसांत कुणाला मत द्यायचं तेही. जोवर गिरणगावात लाल बावटा आणि समाजवाद्यांच्या युनियनी होत्या तोवर पत्रातला सल्ला एका दिशेचा होता. १९६६ साली शिवसेना निघाली, शाखा वाढल्या. जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, युनियनचं ऑफिस ओस पडलं आणि शाखेत गर्दी झाली. दहा-बारा वर्षांनी तोच बदल कोकणातल्या निकालांत उमटला. १९९१ला दंडवते हरले, १९९६ला सेनेचे सुरेश प्रभू आले. ‘समाजवादी कोकण सेनेचं कसं झालं’ यावर बरंच लिहिलं-बोललं जातं. मला त्यात कोडं दिसत नाही. मतदार बदलला नाही, पत्र लिहिणाऱ्याची बैठक बदलली.

इथे एक अडचण मला मान्य करायला हवी. रत्नागिरी मतदारसंघाचीही मुंबईत तेवढीच माणसं होती, तरी तिथले निकाल वेगळे. म्हणजे मुंबईने सगळं उलगडत नाही. मुंबई हा वाहाळ, पाणी कुठे साठतं ते जमिनीच्या उतारावर, आणि तो उतार पुन्हा रेघेने ठरवलेला.

राजापूरच्या वैभवाची आरती ओवाळणाऱ्यांना विचारावासा प्रश्न एकच: मिळालं काय? लाटेविरुद्ध मत देणाऱ्या मतदारसंघाला सरकारदरबारी किंमत मोजावी लागते, आणि ती राजापूरने मोजली. रेल्वेचंच घ्या. १९७७ला दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी १९७४च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घातला. आज स्लीपरमध्ये पाठ टेकणाऱ्या प्रत्येकाला राजापूरच्या मतदाराचे आभार मानायला हरकत नाही. पण त्या मतदाराच्या गावात तेव्हा रूळच नव्हते. रोह्यापर्यंत गाडी आली ती १९८६ला. १९९०मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री अशी जोडी जमली तेव्हा कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन कामाला लागले, आणि रोहा ते मंगळूर अशी सलग गाडी धावली १९९८मध्ये. म्हणजे मतदारसंघाच्या जन्मापासून चाळीस वर्षांनी. राजापूरची गंगा तरी दर काही वर्षांनी प्रकटते.

आणि महामंडळ झालं त्याच्या पुढच्याच वर्षी राजापूरने दंडवत्यांना घरी बसवलं. याला कोकणी कृतघ्नपणा म्हणण्याची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. सतत वीस वर्षं एका माणसाला निवडून दिल्यावर त्याला बदलण्याचा हक्क मतदाराला नसेल तर निवडणूक घ्यायची कशाला? शिवाय तोवर काँग्रेसविरोधी मताला शिवसेनेच्या रूपाने दुसरं घर मिळालेलं होतं. दोन घरांत वाटणी झाली की तिसऱ्याचं फावतं. मतदारसंघ देवघर नसतो, आणि नाथ पै-दंडवत्यांना तसबिरीत बसवलं की त्यांच्याबद्दल बोलायचंच थांबतं.

प्रभूंच्या काळाबद्दल थोडक्यात: सनदी लेखापाल, अभ्यासू, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ऊर्जाखातं गाजवलेले. २००२ला पक्षनेतृत्वाच्या इच्छेखातर मंत्रिपद सोडावं लागलं, तरी २००४ला पुन्हा निवडून आले. पुढे २०१४ला ते रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते भाजपचे, राज्यसभेचे; राजापूर नकाशावर उरलं नव्हतं. एका मतदारसंघाने दोन रेल्वेमंत्री दिले आणि त्याच भागातल्या माणसाला चाकरमान्यांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच्या स्टेशनावरून शिट्टी वाजवत केरळकडे निघून जातात. असो.

आता २००८. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या आयोगाने, २००१च्या जनगणनेवर नवा नकाशा केला. राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटी, जागा ४८, म्हणजे एका खासदारामागे साधारण २० लाख माणसं. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७, सिंधुदुर्ग ८,६८,८२५. बेरीज साडेपंचवीस लाखांच्या वर. वीसने भागा: सव्वा. पूर्वी दोन खासदार, आता सव्वा. सव्वा खासदार कसा देणार? म्हणून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असा एक मतदारसंघ झाला, आणि दापोली व गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्याचे दोन तुकडे रायगडला जोडले. गणितात खोट नाही. मी ते करून पाहिलं, उत्तर तेच येतं.

ही जागा गेली कुठे, हे शोधलं की राग थोडा निवळतो. पूर्वी ठाणे जिल्ह्यात दोन मतदारसंघ होते, ठाणे आणि डहाणू. नव्या नकाशात तिथे चार झाले: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. डोंबिवली, दिवा, कळवा, नालासोपारा इथे राहतो कोण? सावंतवाडीचा आणि लांज्याचाच माणूस. खासदारकी आपल्याच माणसांच्या मागोमाग गेली, चाकरमान्यासारखी. एक गाठोडं घेऊन, आधी मुंबईला, मग परवडेना म्हणून पुढे कल्याणला.

इथे समोरचा म्हणेल, मग तक्रार कसली? एक माणूस, एक मत, प्रत्येक मताला सारखं मोल. ठाण्याच्या मतदाराचं मत हलकं आणि राजापूरच्या मतदाराचं जड, हे कुठल्या न्यायात बसतं? हा आक्षेप खरा आहे आणि तो टोलवून चालणार नाही. राजापूर जसं होतं तसंच ठेवायला हवं होतं, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं इतकंच की कल्याणला गेलेला कोकणी माणूस तिथे मतदार म्हणून कोकणी राहत नाही. त्याला लोकलचा डबा, पाण्याचा टँकर, इमारतीचा पुनर्विकास यावर मत द्यायचं असतं आणि ते त्याने द्यायलाच हवं. पण त्याच माणसाचं नाव गावच्या सातबाऱ्यावर असतं, आणखी अकरा नावांबरोबर. माडबनला अणुऊर्जा प्रकल्प येणार, ९,९०० मेगावॉटचा. नाणारला रिफायनरी येणार, मग २०१९ला रद्द, मग बारसूला येणार, मग एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणासाठी पोलीस आणि सड्यावर, कातळाच्या पठारावर, आडव्या झालेल्या बायका. जमिनीचा निर्णय होतो तिथे त्याची सही लागते, मत लागत नाही. आणि जी माणसं सड्यावर झोपली होती, ती मोजायला कमी म्हणून त्यांचा खासदार अर्धा. ही सगळी गावं राजापूर तालुक्यातली. किनारा, सडा, खाडी, खाण यांना मत नसतं हे मान्य, पण मुंबईची वीज आणि देशाचं तेल जिथून काढायचं त्या जागेचं ओझं लोकसंख्येच्या भागाकारात कुठेच धरलं जात नाही.

शिवाय आयोगाला नुसत्या डोक्यांच्या मोजणीने कायद्यानेही बांधलेलं नव्हतं. २००२च्या परिसीमन कायद्यात स्पष्ट म्हटलंय की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत, आणि ते आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. आता मावळ मतदारसंघाकडे बघा. उरण, पनवेल आणि कर्जत घाटाखाली. मावळ, चिंचवड आणि पिंपरी घाटावर. मध्ये सह्याद्री. उरणच्या कोळ्याचा आणि पिंपरीच्या कारखान्यातल्या कामगाराचा खासदार एक. त्याच नकाशात जुना कुलाबा गेला, जिथून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दि. बा. पाटील १९८४च्या लाटेतही निवडून आले होते. त्या पक्षाचा गड दोन मतदारसंघांत चिरला गेला. त्यानंतर शेकापचा खासदार लोकसभेत दिसलेला नाही. पक्षाची पडझड आधीपासून होती हे खरं, पण पडणाऱ्या भिंतीतून रस्ता काढला की ती उभी राहत नाही. १९८४च्या लाटेत महाराष्ट्रातून तरलेले पाच खासदार, त्यांतल्या दोघांचे मतदारसंघ कोकणातले, आणि दोन्ही २००८ला पुसले गेले. यात कट होता असं मला सुचवायचं नाही. कट असता तर निदान कुणी भांडलं असतं.

नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने पहिल्याच निवडणुकीत, २००९ला, प्रभूंना हरवून काँग्रेसचे नीलेश राणे निवडून दिले. २०१४ आणि २०१९ला सेनेचे विनायक राऊत आले, २०२४ला भाजपचे नारायण राणे. चार निवडणुका, तीन खासदार, तीन पक्ष. जुन्या राजापूरने तेरा निवडणुकांत दिले तेवढ्याच्या जवळपास खासदार या मतदारसंघाने चारांत देऊन टाकले. बदल वाईट असं नाही. सत्तेच्या बाजूने मत देण्यात शहाणपणही असू शकतं, चाळीस वर्षं रेल्वेची वाट पाहिलेल्यांना ते कुणी शिकवू नये. पण ज्या मतदारसंघाची ओळख लाटेत न वाहण्याची होती, त्याच्या जागी आलेल्या मतदारसंघाची लढत आता दोन-तीन बलदंड गटांमधली झाली आहे. चिपळूण ते दोडामार्ग या लांबीत गाव न् गाव पायाखाली घालायला पैसा लागतो, गाड्या लागतात, माणसं लागतात. झोळी अडकवून फिरणारा प्राध्यापक इथून उभा राहिला तर अर्ज भरायला कोण कोण येईल, याची यादी मी करून पाहिली. छोटी झाली.

पुढचं गणित याहून कडक आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी १६,१५,०६९वर आला, सिंधुदुर्ग ८,४९,६५१वर. राज्य वाढत असताना या दोन जिल्ह्यांतून दहा वर्षांत लाखभर माणूस कमी झालं. त्या वर्षीच्या हिशेबाने सव्वाचा जवळपास एक होतो. विधानसभेचं पाहिलं तर रत्नागिरीच्या पाच जागांच्या चार आणि सिंधुदुर्गाच्या तीनच्या दोन. गोठवणूक उठल्यावर नव्या जनगणनेवर रेघा पुन्हा पडणार. स्त्रियांचं आरक्षणही २०२३च्या १०६व्या दुरुस्तीने याच परिसीमनाला बांधलेलं आहे. दक्षिणेतली राज्यं कंठशोष करतायत की लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याची शिक्षा आम्हाला का. त्यांचं गाऱ्हाणं देशभर ऐकू येतं, कारण त्यांच्याकडे सरकारं आहेत. राज्याच्या पोटात हीच गोष्ट कोकणाची, विदर्भातल्या काही जिल्ह्यांची होते, तिला वाली नाही. तमिळनाडूसाठी जो युक्तिवाद आपल्याला पटतो तो सिंधुदुर्गासाठी का पटू नये?

माझ्या मागण्या फार नाहीत. लोकसंख्येच्या सरासरीपासून थोडं खाली राहण्याची मुभा डोंगरी, किनारी आणि माणसं गमावणाऱ्या जिल्ह्यांना द्यावी, दहा टक्क्यांची म्हणू. तेवढ्याने ठाणेकराच्या मताचं मोल बुडत नाही. जिल्हा तोडायचाच असेल तर का तोडला ते आयोगाने मराठीत लिहून द्यावं. आणि स्थलांतरितांच्या मताचा प्रश्न एकदाचा सोडवावा. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पुढे केला होता: एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान. पक्षांनी हरकती घेतल्या आणि प्रकरण थंडावलं. हरकतींत तथ्य होतं, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्न फालतू नाही. पण आज काय चाललंय? नाव दोन्हीकडे, मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून माणसं गावाला, बोटावर शाई आणि सकाळी परत. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळेच करतात. त्यापेक्षा चाकरमान्याने एकदा ठरवावं, मत गावाला की मुंबईला, आणि गाव निवडलं तर ते दादरला बसून देता यावं. मला स्वतःला वाटतं बरेचजण मुंबईच निवडतील, आणि तेही कळलेलं बरं.

परिसीमन आयोगावर आमदार-खासदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. अंतिम आदेश निघाला की न्यायालयाची वाटही जवळजवळ बंद. म्हणजे बोलायची जागा एकच उरते, मसुद्यावरची जाहीर सुनावणी. मागच्या वेळी आपण तिथे नव्हतो. या वेळी कोकणातली सुनावणी कणकवलीला ठेवावी, आणि तारीख काढताना आयोगाने पंचांग बघावं: गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, परतीच्या गाड्या सुटायच्या आत. ज्यांना मोजलं दुसरीकडे, ती माणसं त्या दिवशी गावात असतात.